गोकर्णाबाईचे हात

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी चार नंबरच्या वॉर्मरवरचं बाळ गेलं. तारीख १४ मे २०११, शनिवार. मुलगा, वय नऊ दिवस, वजन एक हजार तीनशे चाळीस ग्रॅम. एकोणीस दिवसांतलं हे तिसरं.

डॉ. राठींनी वेळ सांगितली, मी ती रजिस्टरमध्ये लिहिली. वऱ्हाडातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात मी नवजात कक्षाची प्रमुख परिचारिका होते. आठ वॉर्मर, म्हणजे बाळाला ऊब देणारे आठ पाळणे. पाच परिचारिका, तीन आया. वॉर्मरच्या दोन रांगांच्या टोकाला एक बेसिन, आणि त्याला लागून सहा नंबरचा वॉर्मर.

गोकर्णाबाई त्या बेसिनशी उभी राहून हात धूत होती. कोपरापर्यंत, साबण लावून, दोनदा. मग तिने कोमट पाण्यात कापूस भिजवला आणि चार नंबरच्या बाळाचं कपाळ, मान, काखा, बोटांच्या बेचक्या पुसून काढल्या.

"वडलाच्या हातात असंच कसं द्याचं," ती म्हणाली. "लेकरू न्हालेलं पाह्यजे."

तिला कोणी काही विचारलं नव्हतं. ती स्वतःशीच बोलत होती.

गोकर्णाबाई इंगळे तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होती. वडगाव टेंभीहून रोज पहाटेच्या एसटीने यायची. दर बुधवारी तिची सुट्टी असायची आणि त्या दिवशी ती गावात बाळंतिणींकडे जायची. पायांवर बाळ पालथं घेऊन न्हाऊ घालण्यात गावात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. कोणाचं लेकरू कधी तिच्या पायावर होतं, याचा हिशोब ती बोलता बोलता देत असे. "तो सरपंच हाय ना आमचा, त्याची टाळू मीच बसवली. तरी डोकं चालत नाही त्याचं, त्याले मी काय करू?"

नव्या मुलींना ती नखांवरून बोलायची. हात पुसायचं स्पिरिट सगळ्यांना मिळत होतं, पण तिचा त्यावर विश्वास नव्हता. "त्या थंड्या पान्यानं हात निघतात होय? साबन पाह्यजे, पानी पाह्यजे." दर बाळागणिक ती बेसिनवर जाऊन हात धुवायची. मी नव्या परिचारिकांना सांगत असे, हात कसे धुवायचे ते गोकर्णाबाईंकडून शिका.

तिन्ही बाळांच्या रक्तात एकच जंतू सापडला होता. क्लेबसिएला. आमच्या कपाटातली एकही अँटिबायोटिक त्याच्यावर चालत नव्हती. कक्ष दोनदा धुऊन घेतला, चादरी उकळल्या, तरी तिसरं गेलं. गुरुवारी मेडिकल कॉलेजच्या डॉ. नसरीन काझी येऊन नमुने घेऊन गेल्या होत्या. नळाचं पाणी, वरची टाकी, साबण, सलाइन, वॉर्मरच्या गाद्या आणि डॉक्टर, सफाईवाले धरून आम्हा चौदा जणांची बोटं. प्रत्येकाने दहाही बोटं काचेच्या बशीतल्या, जंतू वाढवायच्या लाल थरावर टेकवली. गोकर्णाबाईने त्याआधी हात धुतले होते. तिला वाटलं, परीक्षा आहे.

शनिवारी सकाळी सात वाजता सहा नंबरच्या मुलीला ताप भरला. तिची आई प्रणिता, बावीस वर्षांची, कक्षाबाहेरच्या बाकावर बसून होती. दर तीन तासांनी ती वाटीत दूध काढून द्यायची आणि आम्ही ते चमच्याने पाजायचो. त्या दिवशी बाळाने तीन चमचे घेतले आणि तोंड मिटलं.

अकरा वाजता डॉ. काझी स्वतः रिपोर्ट घेऊन आल्या. डॉ. राठी, त्या आणि मी असे तिघे राठींच्या खोलीत बसलो.

"पाणी स्वच्छ. टाकी स्वच्छ. साबण, सलाइन, काही नाही," काझी म्हणाल्या. "चौदापैकी एकाच्याच हातावर आहे."

"कोणाच्या?"

त्यांनी कागद फिरवून माझ्याकडे केला. नंबर अकरा. गोकर्णा इंगळे.

डॉ. राठींनी श्वास सोडला. त्या श्वासात सुटका होती. त्यांना दोष देत नाही, माझाही तसाच सुटला होता. हात असेल तर तो बाजूला करता येतो.

"आत्ताच्या आत्ता घरी पाठवा," ते म्हणाले. "चार वाजता ट्रस्टींची मीटिंग आहे. सिस्टर, तुमचा रिपोर्ट तोवर मला पाहिजे. काय झालं, कशामुळे झालं, काय केलं. एक पान."

"मला तासभर द्या," काझी म्हणाल्या. "या बाई हात धुवत नाहीत का?"

"सगळ्यांत जास्त धुतात," मी म्हणाले.

"सगळ्यांत जास्त?"

"दर बाळागणिक. बाकीच्या स्पिरिट लावतात."

काझींनी रिपोर्टचा कागद पुन्हा आपल्याकडे ओढला. मग म्हणाल्या, "कुठे धुतात?"

मी गोकर्णाबाईला बाहेर बोलावून सांगितलं. तिने दोन्ही तळवे पुढे करून त्यांच्याकडे पाहिलं, मग उलटे करून पाहिलं.

"काय हाय माह्या हातात?"

"डोळ्यांना दिसत नाही."

"सिस्टर, बुधवारी मी गावातल्या मुरलीधरच्या नातीले न्हाऊ घातलं." तिचा आवाज एकदम खाली आला. "अकरा दिवसाची हाय. तिले काही होईन का?"

मी म्हटलं, "धडधाकट बाळाला सहसा होत नाही."

"सहसा?"

ती बाकाच्या टोकाला जाऊन बसली, हात मांडीवर उघडे ठेवून, कुठेही टेकू न देता.

साडेअकराला काझींनी प्लंबरला बोलावून घेतलं. भटकर हाही वडगाव टेंभीचाच. पंधरा वर्षं रुग्णालयाचे नळ तोच बघायचा आणि आपल्याला कोणी विचारत नाही ही त्याची कायमची तक्रार होती.

"तीन हप्ते झाले, सगळे वरच पाहून राहिले," तो पाना काढत म्हणाला. "नळ पाहा, टाकी पाहा. टाकीत मी दोनदा उतरलो. खाली काय हाय, कोनी विचारते का?"

"आज मी विचारतेय," काझी म्हणाल्या. "थांबा, आधी उघडू नका."

तोंड आलेल्या बाळांना लावायचं जांभळं औषध आमच्या कपाटात होतं. काझींनी ती अख्खी बाटली बेसिनच्या जाळीतून खाली ओतली. मग माझ्याकडून कोरे कागद मागून घेतले आणि ते भिंतीवर, वाट्या-चमचे वाळत ठेवायच्या ट्रेवर, इंजेक्शनं भरायच्या टेबलावर चिकटवले. सहा नंबरचं बाळ आम्ही पलीकडच्या रांगेत हलवलं आणि रिकाम्या वॉर्मरवर पांढरी चादर टाकली.

"आता हात धुतात तसा नळ सोडा."

भटकरने नळ पूर्ण सोडला. आदल्या वर्षी कक्षाची दुरुस्ती झाली तेव्हा कोपराने उघडायचा उंच, बाकदार नळ बसवला होता. हात न लावता उघडतो म्हणून सगळ्यांना तो आवडला होता. त्याची धार सरळ जाळीवर पडत होती.

तीस सेकंदांनी नळ बंद केला. भिंतीवरच्या कागदावर जांभळे ठिपके. टेबलावर ठिपके. ट्रेवर मी मोजले, अकरा. एक वाटी चुकून तिथेच राहिली होती, तिच्या आत एक.

भटकरने टेप काढून चादरीवरच्या शेवटच्या ठिपक्यापर्यंत मोजलं. "दोन फूट नऊ इंच." त्याने टेप गुंडाळून खिशात टाकली. नळ त्यानेच बसवला होता.

"टाकीचं पाणी स्वच्छच आहे," काझी म्हणाल्या. "ते खाली आदळतं आणि खालचं घेऊन वर उडतं. आता उघडा."

भटकरने बेसिनखालचा वाकडा पाइप सोडवून बादलीवर उलटा धरला. जांभळं पाणी आलं, मग काहीच आलं नाही. त्याने पाइप हातावर आपटला तेव्हा आतून एक लगदा निघाला. शेवाळासारखा बुळबुळीत, आणि त्यात पांढऱ्या गाठी. आंबूस वास कक्षभर पसरला.

भटकरने गाठ बोटांत चुरून पाहिली. "हे तर दूध हाय."

"इथे दूध कोण टाकतं?" राठी दारात येऊन उभे होते.

काझींनी मला विचारलं, "अँटिबायोटिकचं उरलेलं इंजेक्शन कुठे टाकता, सिस्टर?"

लहान बाळांचा डोस कुपीच्या दहाव्या भागाएवढा असतो. उरलेलं ठेवायचं नाही असा नियम होता. आम्ही ते बेसिनमध्ये रिकामं करायचो, सगळ्या जणी, वर्षानुवर्षं.

"इथेच," मी म्हणाले.

"म्हणजे रोज जेवण, आणि जेवणाबरोबर थोडं थोडं औषध." काझींच्या आवाजात राग नव्हता. "त्याला मारायचं प्रत्येक औषध त्याने आधीच चाखलेलं आहे."

"दूध कोण टाकतं, असं विचारलं मी," राठी म्हणाले.

गोकर्णाबाई बाकावरून उठून दाराशी आली होती. "मी टाकते," ती म्हणाली. "मायचं दूध कचऱ्यात नाही टाकत जी. वाहत्या पान्यात सोडते."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पाइपकडे पाहत होते. तिने किती वेळ पाहिलं, ते मला सांगता येणार नाही. एरवी वेळ सांगता येते मला.

"आमच्यात तसंच असते," ती म्हणाली.

"हातावर जंतू, आणि दूधही यांनीच ओतलं," राठी मला म्हणाले. "लिहा."

काझींनी बेसिनच्या जाळीवर चिकटपट्टी लावली. पाइपातल्या लगद्याचा नमुना घेतला. त्याचं उत्तर मंगळवारी येणार होतं, पण त्यांना त्याची गरज वाटत नव्हती. निघताना त्या मला म्हणाल्या, "त्या बाईंच्या हातावर जंतू आहेत, कारण त्या हात धुतात. एवढं रिपोर्टमध्ये नीट येऊ द्या."

अडीच वाजता मी कागद घेऊन बसले. पहिला परिच्छेद सोपा होता. तारखा, वजनं, रक्ताचे रिपोर्ट, जांभळे ठिपके, दोन फूट नऊ इंच. दुसऱ्यात कशामुळे झालं ते लिहायचं होतं.

तीन वाजता काचेवर टकटक झाली. प्रणिता उभी होती, हातात वाटी. मुलीने या वेळी दोनच चमचे घेतले होते.

"सिस्टर, हे कुठं टाकू? गोकर्णामावशी त्या बेसिनात सोडायच्या. त्याले तर पट्टी लावली."

"पिशवीत टाक," मी म्हणाले. "पिवळ्या."

ती वाटी धरून उभीच राहिली. पिवळ्या पिशवीत रक्ताचे बोळे असतात, ते तिला काचेतून दिसत होतं.

"मावशी म्हनायच्या, सिस्टरनं सांगितलं हाय. आईचं दूध असं नाही फेकायचं."

"आता नियम बदललाय. टाक."

तिने तोंड फिरवून वाटी उपडी केली.

२००९ च्या जून महिन्यात एका बाईचं बाळ गेलं होतं. तासाभरापूर्वी तिने काढून दिलेलं दूध तसंच राहिलं होतं. गोकर्णाबाईने ते नियमाप्रमाणे पिवळ्या पिशवीत ओतलं आणि त्या बाईने ते पाहिलं. ती जमिनीवर बसली आणि पिशवीला हात घालू लागली. तिला आवरायला तिघी लागल्या. त्या दुपारी मी कक्षातल्या सगळ्यांना उभं करून सांगितलं, यापुढे आईचं उरलेलं दूध पिशवीत टाकायचं नाही. वाहत्या पाण्यात सोडायचं. माझ्या माहेरीही अंगावरचं दूध कोणाच्या पायाखाली येऊ देत नसत. कक्षात वाहतं पाणी एकाच ठिकाणी होतं. तेव्हा गोकर्णाबाईच म्हणाली होती, "तुंबन नाही का, सिस्टर?" मी म्हटलं होतं, "भरपूर पाणी सोडा."

रिपोर्टमध्ये मी दोन वाक्यं लिहिली. 'नवजात कक्षातील बेसिनमध्ये उरलेले दूध ओतण्याची प्रथा आयावर्गात होती. संबंधित आयाच्या हातांवरही सदर जंतू आढळले.' दोन्ही वाक्यं खरी होती. चारला पाच मिनिटं कमी असताना मी पान राठींच्या टेबलावर ठेवलं.

पाच वाजता गोकर्णाबाईला कामावरून काढल्याचं पत्र मिळालं. ते तिला वाचून दाखवायला तिने भटकरला बोलावलं. मी आत होते. सहा नंबरला सलाइन लावायचं होतं.

मंगळवारी काझींचा फोन आला. पाइपातला जंतू तोच होता. बेसिन काढून टाकलं, भिंतीतलं भोक सिमेंटने बुजवलं, हात धुवायची सोय कक्षाबाहेर केली. उरलेलं इंजेक्शन बंद डब्यात जाऊ लागलं. सहा नंबरची मुलगी सव्वीस दिवसांनी घरी गेली. तो जंतू आमच्या कक्षात पुन्हा सापडला नाही. गावच्या पेपरात दोन कॉलमी बातमी आली, 'आयाच्या हातातून संसर्ग. तीन बालके दगावली'. बेसिनचा उल्लेख शेवटच्या ओळीत होता. पंधरा ऑगस्टला ट्रस्टने माझा सत्कार केला, संसर्ग आटोक्यात आणल्याबद्दल.

मी २०१९ ला निवृत्त झाले. गेल्या जानेवारीत एसटी स्टँडवर भटकर भेटला. केस पांढरे, तोंड तसंच. मी गोकर्णाबाईंची चौकशी केली.

"हाय ना," तो म्हणाला. "हातपाय धड हायेत. पन तिले गावात कोनी लेकरू हातात देत नाही."

"कधीपासून?"

"कधीपासून म्हंजे? तुमचा तो पेपर आला तवापासून. मुरलीधरच्या नातीले काहीच झालं नाही, तरी बी. गोकर्णाबाईच्याच मोठ्या सुनेनं दोन लेकरं माहेरीच न्हाऊन मोठी करून आनली. आता धाकट्याची बायको गरवार हाय." त्याने हातातली पिशवी खाली ठेवली. "तुम्ही येऊन सांगा ना एकदा. नळ तर माहाच होता. पन माहं कोन ऐकते?"

मी गेले. रविवार, २१ जानेवारी, सकाळी साडेदहा. गोकर्णाबाई अंगणात होती. मला पाहून ती आधी बादलीकडे गेली, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले आणि मग चहा टाकायला निघाली. मी तिला थांबवलं. आणलेला कागद तिच्यासमोर वाचला. २००९ चा जून, माझा हुकूम, तुंबण्याबद्दल तिने विचारलेला प्रश्न, माझं उत्तर. खाली सही.

तिने ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, "त्या दिवशी मले वाटलं, तुम्ही सांगसान."

मी म्हटलं, "हो."

"पाच वाजेपर्यंत वाट पाह्यली मी. भटकरनं पत्र वाचलं तरी म्हनलं, सिस्टर आत कामात हाय, येतीन बाहेर."

धाकट्या मुलाने कागद माझ्या हातातून घेऊन पुन्हा वाचला. "मॅडम, हे लिहून द्याले तेरा वर्षं लागली?"

त्याची बायको अश्विनी चौकटीला टेकून उभी होती. आठवा महिना. तिने शांतपणे विचारलं, "पन हातावर जंतू निघाले होते ना?"

"हो. बेसिनमुळे. त्या हात धुवायच्या म्हणून."

"आता नसतीन?"

"तेव्हाच गेले असतील. हातावर असे जंतू फार दिवस राहत नाहीत."

"गेले असतीन म्हंजे? पुन्हा तपासले होते?"

मला हो म्हणता आलं असतं. गोकर्णाबाई माझ्याकडे पाहत होती, त्या दिवशी दाराशी उभं राहून पाहिलं होतं तशीच.

"नाही," मी म्हणाले. "कोणी तपासले नव्हते."

त्याच आठवड्यात मी तिला अकोल्याच्या एका लॅबमध्ये घेऊन गेले. तिने दहाही बोटं बशीत टेकवली. टेकवण्याआधी मला विचारलं, "हात धुऊ का नको?" रिपोर्ट शनिवारी आला. काहीही वाढलेलं नाही. त्याची एक प्रत मी माझ्या कागदाला टाचून वडगाव टेंभीला रजिस्टर पोस्टाने पाठवली. पोचपावतीवर धाकट्या मुलाची सही आहे.

काल दुपारी सव्वा बाराला भटकरचा फोन आला. मंगळवारी अश्विनी बाळंत झाली. मुलगी, दोन किलो सहाशे ग्रॅम, घरी आणली आहे. मी विचारलं, न्हाऊ कोण घालतं? तो म्हणाला, अंगणात चूल पेटलेली पाहिली, पाणी तापत होतं. म्हातारी चुलीपाशी बसली होती. पुढे बाळाला पायांवर घ्यायला पाटावर कोण बसलं, ते रस्त्यावरून दिसलं नाही.